पऱ्हाटी, चूल आणि कराची सवलत

कारंजा (घाडगे) हे आपले तालुक्याचे गाव. नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता गावावरून जातो. कापसाची शेवटची वेचणी झाली की या भागातल्या शेतांत पऱ्हाटी उभी राहते. बोंडे गेली, पाने गळाली, उरल्या नुसत्या काड्या. मग चिमटे घेऊन माणसे ती उपटतात. काही पऱ्हाटी घरी येते. काही धुऱ्यावर गंजी होऊन पडते. उरलेली शेतातच पेटवून देतात. संध्याकाळी रस्त्याने निघाले की दोन्ही बाजूंना धूर दिसतो.

एकदा वाचनवर्ग संपल्यावर आम्ही या तालुक्यातल्या एका गावात बसलो होतो. एक तरुण शेतकरी म्हणाला, "पऱ्हाटीचा कोळसा करणाऱ्याले सरकार टॅक्समधी सूट देते म्हणतात. खरं हाय का जी?"

आम्ही लगेच हो म्हटले नाही. ऐकीव गोष्टीवर कोणी पैसा गुंतवू नये. आम्ही कायदा पाहिला, जाणत्या माणसांना विचारले. गोष्ट खरी आहे. पण ती सूट कोणाच्या पदरात पडते, हे समजून घेतले नाही तर माणूस फसतो. म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

आधी "पऱ्हाटीचा कोळसा" म्हणजे काय ते पाहू. हा खाणीतला कोळसा नव्हे. पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा असा माल यंत्रात बारीक करतात. तो वाळवतात. मग मोठ्या दाबाने त्याच्या जाड कांड्या पाडतात. दाबाने माल तापतो, काडीतला नैसर्गिक चीक मऊ होतो आणि भुसा एकमेकाला धरून बसतो. वेगळा डिंक लागत नाही. या कांड्यांना ब्रिकेट म्हणतात. बाजारात "पांढरा कोळसा" असेही म्हणतात. पऱ्हाटी मोकळी असली की जागा फार खाते. गाडीभर पऱ्हाटी दिसायला डोंगर, वजनाला हलकी. कांडी केली म्हणजे तोच माल थोड्या जागेत मावतो, ट्रकने दूर नेता येतो आणि भट्टीत एकसारखा जळतो. नागपूरला केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेचे केंद्र आहे. पऱ्हाटीच्या वापराचे काम तेथे झाले आहे.

एका हेक्टरातून सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एकराला साधारण १ टन धरा. तुमच्या ४ एकरांत ४ टन जळण उभे असते, आणि आपण त्याला काडी लावतो! अर्थात शेतकरीही हौसेने पेटवत नाही. पुढची मशागत करायची असते, मजूर मिळत नाही. शिवाय २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाला जो फटका दिला तो कोणी विसरलेला नाही. पऱ्हाटी शेतात किंवा धुऱ्यावर पडून राहिली की अळी तिच्यात दडून राहते. म्हणून कृषी खाते सांगते, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा. पऱ्हाटीची बारीक कुट्टी करून ती जमिनीत मिसळली तर खत होते, तोही एक चांगला मार्ग आहे. पण ज्याला विकायची आहे त्याने कराची बाजू समजून घ्यावी.

सवलत म्हणजे काय? एस.टी.चे उदाहरण घ्या. मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. चांगली सवलत आहे. पण ज्या गावाला एस.टी. येतच नाही तेथल्या बाईला तिचा काय उपयोग? तिकीटच नाही तर अर्धे कशाचे करणार? कराच्या सवलतीचेही असेच आहे. ज्याला कर भरावा लागतो, त्याचाच कर कमी होतो. ज्याला कर लागतच नाही, त्याच्या हातात सवलतीने एक पैसाही येत नाही.

आता पहा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. शेतकऱ्याने आपल्या शेतातली पऱ्हाटी विकली तर तो त्याच्या शेतीतलाच माल. म्हणून त्याला आयकराच्या सवलतीची गरजही नाही आणि ती मिळतही नाही.

मग ती मिळते कोणाला? कांड्या करणाऱ्याला. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-जेजेए म्हणून एक कलम होते. त्यात म्हटले होते की कुजणारा कचरा गोळा करून त्यापासून वीज, सेंद्रिय खत, बायोगॅस किंवा जळणाच्या कांड्या व गोळ्या करण्याचा धंदा असेल, तर त्या धंद्याचा सगळा नफा पहिली ५ वर्षे करातून वगळला जाईल. ५ वर्षे मोजायची ती धंदा सुरू झाल्या वर्षापासून. मध्ये एक वर्ष यंत्र बंद पडले तरी ते वर्ष मोजले जाते. २०२५ साली नवा आयकर कायदा झाला. तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना लागू आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून आकडा पाठ करून जाऊ नका. "कुजणाऱ्या कचऱ्यापासून जळण करण्याच्या नफ्याची वजावट" असे विचारा. आणखी एक गंमत सांगतो. जुन्या कायद्यात ८०-जेजेएए असेही एक कलम होते, शेवटी एक "ए" जास्त. ते अगदी वेगळे, नवे कामगार ठेवण्याबद्दलचे. एका अक्षराने शिकलेली माणसेही चुकतात. आपण तर नुकते वाचायला लागलो आहोत, आपण अक्षर सावकाश वाचावे.

आता हिशेब करू. समजा, एकट्या माणसाने यंत्र टाकले आणि वर्षाला १५ लाख रुपये नफा झाला. २०२५-२६ च्या दराने पाहू. आयकराच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी. नव्या पद्धतीत ही वजावट मिळत नाही. तेथे त्याला १,०९,२०० रुपये कर पडेल. जुन्या पद्धतीत वजावट घेतली नाही तर २,७३,००० रुपये पडतील. जुन्या पद्धतीत राहून वजावट घेतली तर या नफ्यावर काहीच पडणार नाही. म्हणजे कागद नीट भरला तर नव्या पद्धतीच्या मानाने वर्षाला लाखावर रुपये वाचले.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पहा. नफा १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या पद्धतीत एरवीही कर नाही. म्हणजे लहान यंत्रवाल्याला हे कलम असून नसून सारखेच. सवलत आहे असे सांगून कोणी तुम्हाला यंत्र विकायला आला, तर त्याला विचारा, "बाप्पा, माझा नफा १२ लाखांवर जाईल का?" तो गप्प बसेल.

जुनी पद्धत घ्यायची असली तर तसे वेळेत कळवावे लागते, आणि धंदेवाल्याला आज ही उद्या ती असे करता येत नाही. विवरणपत्रही मुदतीच्या आत भरावे लागते. मुदत गेली की वजावट गेली. चार शेतकऱ्यांनी मिळून सहकारी संस्था किंवा कंपनी काढली तर तिचा हिशेब निराळा असतो. तिला वजावट घेऊनही काही किमान कर भरावा लागू शकतो. हे काम सनदी हिशेबनीसाचे. त्याची फी द्यावी, पण त्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. पऱ्हाटी कोणाकडून किती घेतली, पैसे कसे दिले, याची वही मात्र आपणच ठेवावी. ती दुसऱ्यावर सोपवू नये.

दुसरा कर जी.एस.टी. तो माल विकत घेताना लागतो. येथे सरकारने जळणा-जळणांत फरक केला आहे. दगडी कोळशावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. त्याआधी ५ टक्के आणि वर टनामागे ४०० रुपये उपकर होता. हॉटेलवाल्याच्या व्यापारी गॅसवर १८ टक्के आहे. घरगुती गॅसवर ५ टक्के. ब्रिकेटवर ५ टक्के. आणि सरपणाच्या लाकडावर काहीच नाही.

आपल्या मोठ्या रस्त्यावर धाबे आणि हॉटेले आहेत. त्यातल्या एकाने १,००० रुपयांचा व्यापारी गॅस घेतला तर १८० रुपये कर देतो. १,००० रुपयांच्या कांड्या घेतल्या तर ५० रुपये. साधे हॉटेल गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेते, आणि त्या हॉटेलाला आपण भरलेला कर परत मागता येत नाही. तो १८० चा बोजा त्याच्याच गल्ल्यावर बसतो. म्हणून हॉटेल, तेलगिरणी, दूध आटवणारा, कापड रंगवणारा अशा भट्टीवाल्यांना कांडीचे जळण परवडू शकते. घरगुती चुलीपेक्षा आधी हेच गिऱ्हाईक आहे. मात्र धुराडे नीट हवे. नाहीतर कर वाचला आणि शेजाऱ्याच्या घरात धूर भरला, असे व्हायचे.

लाकडावर कर नाही आणि कांडीवर आहे, हे आम्हाला प्रथम उलटे वाटले. झाड तोडणाऱ्याला माफी आणि कचरा जाळणाऱ्याला कर? पण सरपणावर कर बसवला असता तर तो सगळ्यांत आधी मोळी विकत घेणाऱ्या गरीब घरावर बसला असता. तेव्हा तेही बरोबरच आहे. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल विकला तर त्याला जी.एस.टी.ची नोंदणी करावी लागत नाही. कांड्या विकणाऱ्याची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर बहुधा त्यालाही नाही.

ही कराची गोष्ट आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत बर्फ पडते. तेथे घर उबदार ठेवण्यासाठी लाकडाच्या किंवा लाकडी गोळ्यांच्या शेगड्या वापरतात. २०२३ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत तेथे चांगली, कमी जळण खाणारी शेगडी घेणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के रक्कम, पण २,००० डॉलरपर्यंतच, आयकरातून वजा मिळत असे. ३१ डिसेंबर २०२५ ला ती सवलत संपली. तेथेही अडचण तीच होती. कर भरणारा असेल त्यालाच ती मिळे. ज्याचा कर शून्य, त्याला शेगडीचे पूर्ण पैसे द्यावे लागत. श्रीमंत देशातही सवलत गरिबाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली.

म्हणून कर न भरणाऱ्यासाठी दुसरा मार्ग लागतो. तो अनुदानाचा. अनुदान म्हणजे करात सूट नव्हे, सरकारने खर्चात दिलेला हातभार. केंद्र सरकारचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. तो २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी होता. कांड्यांच्या यंत्राला, ताशी १ टन माल काढण्याच्या शक्तीमागे ९ लाख रुपये असा त्याचा दर ठरला होता. पैसा यंत्र चालू करून दाखवल्यावर मिळायचा. आधी खर्च आपला.

एवढे ऐकून गावातल्या काही तरुणांचे डोळे चमकले. आम्ही त्यांच्याबरोबर पाटीवर हिशेब मांडला. ताशी १ टनाचे यंत्र. दिवसाला ८ तास. वर्षातले २०० दिवस. झाले १,६०० टन. एकराला १ टन पऱ्हाटी, म्हणजे १,६०० एकरांचा कापूस हवा. आणि त्या १,६०० एकरांतल्या एकाही माणसाने पऱ्हाटी जाळता कामा नये, घरी नेता कामा नये. पाटीवरचा आकडा पाहून मंडळी हसली. एका गावाचे हे काम नाही. आसपासची बरीच गावे एकत्र यावी लागतील. पऱ्हाटी निघते उन्हाळ्याच्या तोंडी, आणि पाऊस लागायच्या आत ती कोरड्या जागी साठवावी लागेल.

तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी बाई बोलली. ती भूमिहीन. दुसऱ्याच्या शेतात पऱ्हाटी उपटते, आणि उपटलेली पऱ्हाटी मजुरीत घरी नेते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ही रीत आहे. ती म्हणाली, "समदी पऱ्हाटी मशीनवाल्याले देल्ली, त माह्या चुलीत काय घालू जी?"

हा प्रश्न कोणत्याही कलमात नाही. पण आम्हाला वाटते की सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. कराची सवलत यंत्रवाल्याला मिळते. त्यामुळे तो पऱ्हाटीला भाव देऊ शकतो. भाव आला की शेतमालक पऱ्हाटी फुकट नेऊ देत नाही. मग तिने कोठे जावे? तालुक्याला लागून बोरचे जंगल आहे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. मोळीसाठी तेथे जाणे म्हणजे जिवाशी खेळ. एका घराला रोज ५ किलो जळण लागते असे धरले, तरी वर्षाला १,८०० किलोंवर जाते. म्हणजे जवळजवळ २ एकरांची पऱ्हाटी एका चुलीला लागते. गावात अशा ५० चुली असतील तर १०० एकरांची पऱ्हाटी आधी बाजूला काढावी, आणि मग यंत्रवाल्याशी बोलावे. पऱ्हाटी उपटणाऱ्या मजुराचा वाटा करारातच लिहून घ्यावा, काडीत नाहीतर रोख पैशात.

ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी चुलीचा बोजा कमी करावा. आपला भाग गवळाऊ गुरांचा. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण लागते, आणि तेवढेच पाणी. ४-५ मोठी जनावरे हवीत. गुरे दिवसभर रानात चरत असतील तर शेण रानातच पडते, तेव्हा गोठ्यात किती शेण हाती येते ते मोजूनच टाकी बांधावी. टाकी भरपूर चालली तर १४.२ किलोचे एक सिलिंडर १६ दिवसांत वापरावे एवढा गॅस मिळतो. पौष-माघाच्या थंडीत गॅस कमी होतो, आणि नेमके तेव्हाच आंघोळीला पाणी तापवायचे असते, ही त्यातली खोट आहे. त्या दिवसांत चूल लागेलच. पण उरलेला रबडा संत्र्याच्या झाडांना उत्तम खत.

वर सांगितलेल्या कार्यक्रमात आपल्याकडे १ घनमीटरच्या टाकीला ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरच्या टाकीला १४,३५० रुपये अनुदान ठरले होते. ही रक्कम तुम्ही कर भरता की नाही हे पाहत नाही. सध्या कोणता दर चालू आहे ते पंचायत समितीत विचारावे, आणि टाकी बांधायच्या आधी विचारावे. गोबरगॅसच्या संयंत्रावरचा जी.एस.टी. २०२१ मध्ये ५ वरून १२ टक्क्यांवर नेला होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्के झाला आहे. दुकानदाराने जुना दर लावला तर पावती मागा.

ही सगळी खटपट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, तो वर्ध्याच्या मगनवाडीत. गावच्या मालातून गावचे काम कसे भागवावे, यासाठी कुमारप्पांनी तेथे हयातीतली वर्षे घातली. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. गोबरगॅसचे काम तेथे झाले आहे. टाकी बांधायच्या आधी एकदा जाऊन यावे. पुढे १९८० च्या दशकात सरकारने देशभर सुधारलेल्या चुली वाटल्या. पुष्कळ ठिकाणी त्या वर्षा-दोन वर्षांत फुटल्या, धुराडी बुजली, आणि बायांनी पुन्हा तीन दगड मांडले. अनुदान होते, दुरुस्ती करणारा नव्हता.

त्या म्हातारीला आम्ही त्या दिवशी पुरते उत्तर देऊ शकलो नाही. आम्ही तिला एवढेच म्हटले, "बाई, तुझ्या चुलीला आठवड्याला किती काडी लागते ते आधी मोजू." दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातला काटा आणला. तिने रोजची काडी बांधून आणायची आणि तोलायची. आकडे तिच्या नातीने पाटीवर लिहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बाया आपापली मोळी घेऊन काट्याजवळ उभ्या होत्या.